तांब्याची वायर सोलायचं हँडलवालं मशीन, आठ महिने वापरून

मी वायरमन आहे, पुण्यात, आणि माझं निम्मं काम जुन्या फ्लॅटचं रिवायरिंग असतं. पाइपातून जुनी वायर ओढून काढली की मालक बहुतेक वेळा म्हणतात तुम्हीच घेऊन जा, तरी मी आधी विचारतो कारण वस्तू त्यांची आहे आणि त्यात चांगले पैसे असतात हे त्यांनाही कळायला हवं. वर्षानुवर्षं पोतं भरलं की तसंच भंगारवाल्याकडे टाकायचो. सोलून विकली तर जास्त मिळतात हे सगळे सांगतात पण किती जास्त आणि त्याला किती तास जातात हे कोणी सांगत नाही, म्हणून शेवटी १,८५० रुपयांना ऑनलाइन हे मशीन मागवलं आणि प्रत्येक वेळी वजन आणि वेळ वहीत लिहून ठेवली.

आधी मशीनबद्दल. लोखंडी बॉडी, टेबलाला बोल्टने आवळायची, एक गोल पातं, त्याच्याखाली खाचा असलेला रोलर, वरती पातं खाली-वर करायचा स्क्रू आणि बाजूला हँडल. वायर खाचेत घालायची, हँडल फिरवायचं, वायर पलीकडून लांबीभर चिरून बाहेर येते. नीट वाचा, चिरून येते, सोलून नाही, साल नंतर हातानेच काढायची असते आणि वेळ तिथेच जातो. व्हिडिओत दोन सेकंदात लखलखीत तांबं बाहेर पडताना दिसतं ते नवीन सरळ जाड वायरचं असतं, आपल्याकडे येते ती पाइपातून ओढलेली, वाकडीतिकडी, सिमेंटची पूड लागलेली. ती आधी फडक्याने पुसून सरळ करावी लागते, नाहीतर खाचेतून निसटते आणि सिमेंटमुळे पातंही लवकर बोथट होतं.

अडीच एमएम (एमएम म्हणजे इथे आतल्या तांब्याच्या छेदाचे चौरस मिलिमीटर) आणि त्यावरच्या वायरला मशीन खरंच सुंदर चालतं. चार आणि सहा एमएमला तर मला फार आवडलं, एकदा स्क्रू जमला की सरसर जातं आणि आतल्या तारेला ओरखडाही पडत नाही. दीड एमएमला कटकट सुरू होते, आणि एक एमएमला पातं जरा खाली गेलं की बारीक तारा कापल्या जातात, जरा वर राहिलं की साल चिरतच नाही. दुसरा दोष म्हणजे तो स्क्रू कंपनाने हळूहळू सैल होतो, विकणाऱ्याला फोटो पाठवून दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही, शेवटी मी वरून एक चेकनट, म्हणजे स्क्रू जागेवर आवळून धरणारा जादा नट, बसवला तेव्हापासून व्यवस्थित आहे.

आता हिशोब, कारण मशीन चांगलं असलं तरी मेहनत परवडते का हा प्रश्न वेगळाच आहे. माझा भंगारवाला त्या वेळी साफ तांब्याला किलोला ७५० देत होता आणि न सोललेल्या घरगुती वायरला सरसकट ४००. भाव रोज हलतो पण गणित तेच राहतं, ४०० ला ७५० ने भागलं की साधारण ५३ टक्के येतात, म्हणजे ज्या वायरमध्ये वजनाच्या ५३ टक्क्यांपेक्षा कमी तांबं आहे ती सोलली तर उलटा तोटा, आणि टक्का जेवढा वर तेवढी सोलण्याची कमाई. टक्का काढायला पूर्ण बंडल सोलायची गरज नाही. तांब्याची घनता ८.९६ आहे, त्यामुळे एक चौरस मिलिमीटरच्या एक मीटर वायरमध्ये जवळपास ९ ग्रॅम तांबं असतं, दीडला साडेतेरा, अडीचला साधारण बावीस, चारला छत्तीसच्या आसपास. एक मीटर तुकडा स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवा, जेवढं भरेल त्याने या तांब्याच्या ग्रॅमला भागा, टक्का हातात. माझ्याकडे एक एमएमला साठच्या आतबाहेर आला, दीडला ६५, अडीचला ६७, चारला ७४ आणि सहाला ७८.

म्हणजे चार एमएमच्या एका किलोत ७४० ग्रॅम तांबं, त्याचे ५५५ रुपये, तसंच विकलं असतं तर ४००, सुटले १५५. त्या एका किलोत वायर भरते फक्त २१ मीटर आणि ती पुसण्यापासून साल काढेपर्यंत मला १२ मिनिटं लागली. दीड एमएमच्या एका किलोत ४८ मीटर वायर, लागली ३५ मिनिटं आणि सुटले ८७ रुपये. तासाचा हिशोब लावला तर चारला पावणेआठशे आणि दीडला दीडशे. एक एमएमचं तर किलोला ५० रुपये सुटतात आणि जवळजवळ तास जातो, त्यात मान दुखते ती वेगळी. तेच काम नुसत्या कटरने करून पाहिलं, चार एमएमच्या एका किलोला ४० मिनिटं गेली आणि अंगठ्याला चीर पडली, त्यामुळे जाड वायरला मशीन हवंच.

मला यातून जे कळलं ते असं की खरी कमाई सोलण्यात नाही, वायर वेगळी करण्यात आहे. भंगारवाला जाड-बारीक एकत्र तोलून एकच भाव लावतो, त्यात तुमची सहा एमएमची वायर एक एमएमच्या भावात जाते. मी आता काम संपताना साइटवरच दोन पोती करतो, अडीच आणि त्यावरची एका पोत्यात, बाकीची दुसऱ्यात. पहिलं घरी येतं, दुसरं तसंच काट्यावर जातं. एका थ्री बीएचकेतून ११ किलो निघाली होती आणि हट्टाने मी सगळी सोलली होती, तेव्हा पहिल्या साडेपाच किलोचे दीड तासात सातशेच्या वर सुटले आणि उरलेल्या साडेपाच किलोला साडेतीन तास घालून चारशेच्या आसपास. ते साडेतीन तास मी घरी बसायला हवं होतं.

मिक्सर, इस्त्री, कूलरच्या गोल थ्री कोर केबलला तर हातच लावू नका. वरचं कव्हर, मग आतल्या तीन तारा, दोनदा सोलायचं आणि तांबं निघतं जेमतेम तिसरा हिस्सा.

जुन्या घरांची वायर असेल तर आधी ओळखा. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच इमारतींत ॲल्युमिनियमची वायर आहे, बाहेरून सारखीच दिसते. आणि पेठांमधल्या वाड्यांत लाकडी बॅटनपट्टीवर कापडी वेष्टनाची रबरी वायर असते, तिची आतली तार चांदीसारखी पांढरी दिसते म्हणून लोक ॲल्युमिनियम समजून फेकून देतात, पण ते कथील चढवलेलं तांबं असतं, रबरातल्या गंधकाने तांबं खराब होऊ नये म्हणून तसं करायचे. ब्लेडने खरवडा, लाल दिसलं तर तांबं, आणि हातात घेतलं तरी कळतं कारण ॲल्युमिनियमपेक्षा तांबं तिपटीहून जड. कथिलाच्या तांब्याला भाव थोडा कमी मिळतो आणि ती वायर या मशीनमध्ये घालू नका, कापडाचे धागे पात्याभोवती गुंडाळले जातात, माझा अर्धा दिवस त्यात गेला.

थंडीत साल कडक होते, तेव्हा वायर तासभर गच्चीवर उन्हात टाकून ठेवतो, मऊ पडते आणि एका ओढीत निघते. हँडल काढून ड्रिल लावायची सोय आहे, ड्रिल अगदी सावकाश चालवायचं आणि सैल बाहीचा शर्ट घालायचा नाही, रोलर बोटं ओळखत नाही.

आणि कृपा करून वायर जाळू नका. नदीकाठी, मोकळ्या प्लॉटवर अजून जाळतात, मी लहान पोरांना त्या धुरात उभं राहून काठीने वायर हलवताना पाहिलंय आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. वायरची साल पीव्हीसी प्लास्टिकची असते, त्यात क्लोरीन असतो, जळाला की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर होतो, डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि तांब्याच्या सान्निध्यात ती जास्तच होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घालून ५,००० रुपयांपासून दंड ठेवलाय. शिवाय जळकं तांबं काळं पडतं, त्याला भावही साफ तांब्याचा मिळत नाही. सालसुद्धा पाणी तापवायच्या बंबात घालू नका, जुन्या पीव्हीसीत शिसं असतं, म्हणून मी काम पोरांपासून लांब करतो आणि उठल्यावर आधी साबणाने हात धुतो.

तर कोणी घ्यावं, तर ज्याच्याकडे महिन्याला निदान चार-पाच किलो जाड वायर येते त्याने. दोन-तीन फ्लॅटांत पैसे वसूल होतात, माझे तिसऱ्याला झाले. घरी एकदाच रिवायरिंग झालंय आणि पोतं पडलंय एवढ्यासाठी घेऊ नका, जाड वायर वेगळी करा, ओळखीच्या वायरमनकडे मशीन असेल तर तासाभरासाठी मागून घ्या. घेणार असाल तर पात्याचा आणि त्याच्या मधल्या भोकाचा व्यास पहिल्याच दिवशी मोजून लिहून ठेवा, कारण सोबत जादा पातं येत नाही, माझं सहाव्या महिन्यात गेलं आणि बोहरी आळीत चार दुकानं फिरल्यावर त्या मापाचं मिळालं.