चिऱ्याची भिंत आणि सहा जीबीचं कार्ड: ब्लेंडर सायकल्सची प्रोसीजरल टेक्श्चर्स

गोव्यातल्या घराचा थ्रीडी व्ह्यू करायचा म्हटलं की चिऱ्याची भिंत आलीच. फोटोवरून केलेलं जांभ्याचं टेक्श्चर दोन-तीन मीटरवर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि आठ मीटरच्या कुंपणावर तोच खड्डा तीनदा दिसला की गिऱ्हाईक बरोबर त्यावरच बोट ठेवतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमधली प्रोसीजरल टेक्श्चर्स हा प्रश्न मुळातच सोडवतात: चित्र नाहीच, प्रत्येक बिंदूचा रंग ग्राफिक्स कार्ड जागच्या जागी गणित करून काढतं.

फायदा मेमरीचा. आठ बिटचं एक ४के रंगीत चित्र कार्डावर ६४ एमबी खातं. रंग आणि नॉर्मल (उंचसखलपणाचं चित्र) धरून एका मटेरिअलचे १२८, अशी बारा मटेरिअल्स झाली की दीड जीबी गेले. सहा जीबीच्या कार्डावर माड, आंबा, गवत हेही बसवायचं असतं. नोड्सना, म्हणजे गणिताच्या एकमेकांना जोडलेल्या ठोकळ्यांना, त्या मानाने जागा लागतच नाही म्हणा.

आता भिंत. ब्रिक टेक्श्चर या विटांचा नमुना काढणाऱ्या नोडला ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट (वस्तूच्या स्वतःच्या मापातली जागा) द्या, जनरेटेड नको. जनरेटेड अख्ख्या वस्तूला शून्य ते एकमध्ये बसवतं, त्यामुळे लांब भिंतीवर चिरे ताणले जातात. त्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा. मग टेक्श्चरचा स्केल १ ठेवला की आकडे थेट मीटरमध्ये चालतात: रुंदी ०.४, रांगेची उंची ०.२, चिऱ्यांमधल्या सांध्यासाठी मॉर्टर साइज ०.०१. इथे नवखा हमखास अडकतो, कारण ब्रिक टेक्श्चर फक्त एक्स आणि वाय बघतं. उभ्या भिंतीवर चिऱ्यांऐवजी नुसते उभे पट्टे येतात. मॅपिंग नोडमध्ये एक्सभोवती ९० अंश फिरवलं की समोरची बाजू जागेवर येते. काटकोनातल्या भिंतीला हा इलाज चालत नाही, तिथे यूव्ही (भिंत सपाट उलगडून टेक्श्चर बसवणं) केलेलं बरं.

जांभ्याची भोकं व्होरोनॉय या पेशींसारखी घरं पाडणाऱ्या नोडने काढा, स्केल ६० च्या आसपास. नुसत्या व्होरोनॉयची भोकं फार शिस्तीत येतात, म्हणून त्याच्या व्हेक्टरमध्ये थोडा नॉइज (अनियमित ढगाळ नमुना) मिसळा: नॉइजच्या कलरमधून ०.५ वजा करा, ०.०३ ने गुणा आणि व्हेक्टरमध्ये मिळवा. वजाबाकी विसरलात तर सगळा नमुना एका बाजूला सरकतो. बंपचं (खोट्या उंचवट्यांचं) डिस्टन्स ०.००५ पुरे, वाढवलंत तर चिरा चुरगळलेल्या कागदासारखा दिसतो.

मेमरीत वाचलेलं वेळेत मोजावं लागतं, आणि ते कुठे हे माहीत हवं. बंप नोड आपल्यामागचं सगळं गणित तीनदा करतो, कारण उतार काढायला शेजारचे दोन बिंदूही लागतात. नॉइजचं डिटेल १५ वर नेऊन बंपला जोडलं की एकेका बिंदूला ४८ वेळा नॉइज मोजला जातो. जवळच्या भिंतीला ६, लांबच्या कुंपणाला ३ पुरतं. लांबवर जास्त डिटेल दिल्याने नुकसानच होतं: पिक्सेलपेक्षा बारीक कण गाळणारी सोय प्रोसीजरलमध्ये नसते, म्हणून वॉकथ्रूमध्ये भिंत चमचमते. व्होरोनॉयचा ‘स्मूद एफ१’ हा घरांच्या कडा मऊ करणारा प्रकार दुसरा खादाड. साधा एफ१ थ्रीडीत २७ घरं तपासतो, हा १२५. जांभ्याला त्याची गरज नाही.

शेवाळ ही या पद्धतीची खरी मजा. पोझिशनचा झेड, म्हणजे उंची, मॅप रेंजमधून घ्या, जमिनीपासून ०.६ मीटरपर्यंत हिरवं, आणि कडेला नॉइज मिसळून रेघ मोडा. पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीचा पाया काळवंडतो तो असाच. कुंपणाच्या माथ्याला नॉर्मलचा झेड (पृष्ठभाग किती वर तोंड करून आहे) वापरा. कोपरे-सांदी शोधणारा अँबियंट ऑक्लूजन नोड टाळलेला बरा, तो जादा किरण सोडतो आणि रेंडर रेंगाळतो.

मात्र पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या आझुलेजो (रंगवलेल्या पोर्तुगीज) फरश्या नोड्सनी करायच्या भानगडीत पडू नका. निळ्या रंगाचा हाताने मारलेला फटकारा गणितात येत नाही. तिथे फोटोच घ्या. शिंपल्यांच्या खिडक्या मात्र छान जमतात: वेव्ह टेक्श्चरची वलयं, थोडं डिस्टॉर्शन आणि ट्रान्सलुसंट शेडर.

सेटिंगची एक गोम आहे. प्रेफरन्सेसमध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करायची सोय) निवडणं पुरत नाही, सीनमधलं डिव्हाइसही जीपीयू करावं लागतं. नाहीतर रेंडर मुकाट्याने सीपीयूवर चालतो. जुन्या ट्युटोरिअलमधला मसग्रेव्ह नोड शोधत बसू नका, ४.१ पासून तो नॉइजमध्येच सामावला आहे. ओएसएल या शेडर लिहायच्या भाषेत स्वतःचं टेक्श्चर लिहिणाऱ्यांना ३.५ पासून एनव्हिडियाच्या कार्डावर ऑप्टिक्समधून ते चालवता येतं.

खरं डिस्प्लेसमेंट (पृष्ठभागच उंचसखल करणं) चालू केलंत तर जाळी बारीक चिरावी लागते आणि वाचवलेली मेमरी तिकडेच जाते. म्हणून ते फक्त कॅमेऱ्यासमोरच्या एका खांबाला द्या. आणि मॉडेल गेम इंजिनात न्यायचं असेल तर नोड्स तिकडे जात नाहीत, बेक करावं, म्हणजे त्यांची चित्रं बनवून घ्यावी लागतात. त्या वेळी रफनेस (खडबडीतपणा) आणि नॉर्मलची चित्रं ‘नॉन-कलर’ ठेवायला विसरू नका, नाहीतर कोरडा चिरा पावसात भिजल्यासारखा चकाकतो.