सेजमॅथ: माझा हरवलेला क्यूटी सापडला

घरात कुणी विचारलं की तुझी पीएचडी नक्की कशावर, तर मी सांगते, चौकोन जोडणं आणि चौकोन काढणं. सममित फलनांवरचे (चलांची अदलाबदल केली तरी न बदलणाऱ्या राशींवरचे) रेषीय ऑपरेटर म्हटलं की सासूबाई लगेच भाजी निवडायला घेतात.

चाळिशीत हा उद्योग सुरू केला. आधीचं सॉफ्टवेअर (नाव नको) पैसे मोजून घेतलेलं होतं. ऐन कामात परवाना संपला आणि मी पाठकोऱ्या कागदांवर आले. मग सेजमॅथ. फुकट, २००५ पासून चालू, आज्ञा पायथनसारख्या.

सुरुवात शूर फलनांनी केली, म्हणजे चौकोनांच्या आकृत्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या सममित फलनांनी. एस(२,१) म्हणजे एका ओळीत दोन चौकोन, पुढच्या ओळीत एक. एस(२,१) ला एस(१) ने गुणलं की आकृतीला एक चौकोन जोडला जातो: (३,१), (२,२), (२,१,१). उलटा ऑपरेटर, म्हणजे ‘स्क्यू बाय’, एक चौकोन काढतो. आधी जोडून मग काढलं तर एस(२,१) तीनदा येतो, आधी काढून मग जोडलं तर दोनदा. बाकीची पदं तीच, फरक नेमका एस(२,१) चा. हे मी वर्गात फळ्यावर दहा वेळा केलंय, तरी दोन ओळींत समोर आलं तेव्हा हसू फुटलं.

खरी कसोटी नाब्लाची. बर्जरॉन आणि गार्सिया यांचा हा ऑपरेटर सुधारित मॅकडोनाल्ड बहुपदींना (क्यू आणि टी ही दोन अक्षरं गुणकांत असलेल्या सममित फलनांना) फक्त एका गुणकाने गुणतो, पण ई(३) वर (तीन वेगवेगळ्या चलांच्या गुणाकारांच्या बेरजेवर) हाताने चालवायचा म्हणजे घाम निघतो. क्यू आणि टी एक धरले की मिती १६ यायला हवी. माझी १५ येत होती. दोन रात्री. सेजला विचारलं तर आधी वजा चिन्हांची जत्रा. उत्तर ई च्याच बेसिसमध्ये (ई च्याच भाषेत) येतं, ते एस मध्ये गुंडाळून घ्यावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. गुंडाळल्यावर एस(३), एस(२,१), एस(१,१,१) यांच्या गुणकांच्या बेरजा १, ५, ५; त्यांना त्यांच्या मिती १, २, १ ने गुणून मिळवलं की बरोबर १६. एस(१,१,१) पुढे एक साधा ‘क्यूटी’ उभा होता, जो मी कागदावर पान उलटताना गाळला होता.

कुरकुर एवढीच की मदतीची पानं जाणकारांसाठी लिहिलेली आहेत. क्यू-टी असलेलं क्षेत्र (गुणक कुठून घ्यायचे ते) सुरुवातीलाच सांगा, नुसत्या परिमेय संख्यांवर नाब्ला मागू नका. आणि ई(१०) ची हाव धरण्याआधी आठवा, दहाची विभाजनं (दहा बेरजेने मांडायच्या रीती) ४२ आहेत. माझ्या जुन्या लॅपटॉपला मी ते सांगितलेलंच नाही.

साडेचार तारे. इन्स्टॉल करायचा कंटाळा असेल तर ब्राउझरमध्ये सेजमॅथसेल उघडा, फोनवरही चालतं. काल बसमध्ये ई(४) चा नाब्ला काढला. द्वारका सर्कल यायच्या आत क्यू आणि टी एक धरून शेवटच्या पदात १४ दिसले. कॅटलान संख्यांमधलेच (१, २, ५, १४...).