फ्लीट मॅनेजरचा इंटरव्ह्यू: स्वतःच्या गाड्यांची कंपनी की अटॅच गाड्यांची?

फ्लीट मॅनेजरच्या, म्हणजे ट्रकचा ताफा सांभाळायच्या नोकरीसाठी दोन ठिकाणाहून कॉल आलाय, एक कंपनी स्वतःच्या गाड्या चालवते आणि दुसरी बाहेरच्या मालकांच्या अटॅच गाड्यांवर धंदा करते, तर पोस्टचं नाव एकच असलं तरी काम बरंच वेगळं आहे आणि तयारीही वेगळी करावी लागते.

स्वतःच्या गाड्या म्हणजे सगळा खर्च तुमच्या गळ्यात. डिझेल, टायर, सर्व्हिसिंग, ब्रेकडाऊन, इन्शुरन्स, ड्रायव्हरच्या ड्युट्या, सगळंच. त्यामुळे इंटरव्ह्यूत आकड्यांवरच बोलणं होतं. किलोमीटरला खर्च किती येतो आणि तो कसा काढता, रिकाम्या फेऱ्या कशा कमी कराल वगैरे. हमखास येणारा प्रश्न म्हणजे एकाच रूटवरच्या दोन सारख्या गाड्या, पण एकीचं ॲव्हरेज कमी, तर आधी काय बघाल? बरेच जण पटकन "ड्रायव्हर डिझेल काढतो" म्हणून मोकळे होतात आणि तिथेच समोरच्याचं मत बिघडतं. आधी लोड सारखा होता का ते बघा, मग टायरची हवा, एअर फिल्टर, ब्रेक जाम होतोय का, उभ्या गाडीत इंजिन किती वेळ चालू होतं (मोठा ट्रक नुसता उभा राहून तासाला साधारण 3 लिटर डिझेल खातो), जीपीएसचे किलोमीटर आणि पंपाची बिलं जुळतात का, आणि एवढं झाल्यावर ड्रायव्हरशी बोला, तेही त्याला चोर न ठरवता, कारण गाडीतला बारीक आवाज सगळ्यात आधी त्यालाच कळतो.

अटॅच गाड्यांत डिझेल-टायर मालक बघतो. तुमचं काम म्हणजे गाडी वेळेवर लावणं आणि मालक टिकवणं. इथे प्रश्न माणसांचे असतात: सीझनमध्ये मालकाने ऐनवेळी गाडी दुसरीकडे लावली तर? लोडिंगला गाडी दोन दिवस अडकली, मालक डिटेन्शन (गाडी अडकून राहिल्याचे पैसे) मागतोय आणि पार्टी, म्हणजे ज्याचा माल आहे तो ग्राहक, नाही म्हणतेय, तर? "समजावून सांगेन" एवढ्यावर भागत नाही, गेटवरची इन-आऊट वेळ, आधीच लेखी ठरलेला रेट, पेमेंटची तारीख असं बोला. कागदपत्रं आणि लायसन्स मात्र इथेही तुम्हीच तपासायचे, गाडी मालकाची असली तरी अपघात झाला की पार्टीचा फोन तुम्हालाच येतो.

रात्री-अपरात्रीचे फोन दोन्हीकडे आहेत, त्यात निवड नाही.

मला विचाराल तर पहिलीच नोकरी असेल तर स्वतःच्या गाड्यांची कंपनी घ्या. गाडीचा खर्च आतून कळलेला माणूस उद्या मालकांशी रेटही नीट बोलू शकतो, उलटं जमायला वेळ लागतो. पण तुम्ही बुकिंगच्या टेबलावरून आलाय, मालक तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतात, तर अटॅचवाल्यांकडे तुमची किंमत जास्त, वर्कशॉपचं काम शिकायच्या नादात तिकडचा चान्स घालवू नका.

दोन्हीकडे एक प्रश्न मात्र तुम्ही विचाराच: माल भरलाय, पार्टी ओरडतेय आणि टायरला फुगवटा आलेला दिसतोय, तर गाडी थांबवायचा शेवटचा शब्द कुणाचा? उत्तर गोलगोल आलं तर इन्सेन्टिव्ह कशावर आहे तेही विचारून घ्या. तो फक्त ट्रिपांवर असेल तर झोप न झालेल्या ड्रायव्हरला "अजून एक फेरी मार" म्हणायची वेळ तुमच्यावरच येणार, पगार कितीही चांगला असला तरी अशी ऑफर मी तरी घेणार नाही.