माशांचं बीज घरीच काढायचंय? इंजेक्शन की नुसतं पाणी-हवामान, दोन्हीची तुलना

निपाणी, चिकोडी, खानापूरकडं शेततळी आता बरीच झालीत, आणि मृग जवळ आला की कुणीतरी विचारतंच की बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं विकत आणण्यापेक्षा बीज आपणच काढलं तर? काढा की, पण आधी कुठला मासा ते ठरवा, कारण इंजेक्शन लागणार की नाही हे त्याच्यावरच आहे.

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. तळ्यात चांगले वाढतात, मादीच्या पोटात अंडी पण भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत, कारण पूर, नवीन पाणी, वाहता प्रवाह हे सगळं जुळलं की मगच मेंदूकडून पिट्युटरी ग्रंथीला इशारा जातो आणि तळ्यात तो जातच नाही. नेमका हा अडलेला टप्पा इंजेक्शननं पार होतो. १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी पिट्युटरीचा अर्क टोचून या माशांची अंडी काढून दाखवली, १० जुलैला मत्स्य शेतकरी दिवस असतो तो त्याचाच.

इंजेक्शनमध्ये पण दोन प्रकार. पिट्युटरीचा अर्क म्हणजे दुसऱ्या माशाच्या डोक्यातली ग्रंथी काढून अल्कोहोलमध्ये ठेवायची, घोटून द्यायची, मादीला आधी किलोमागे २-३ मिलिग्रॅम आणि सहा तासांनी ५-८, नराला एकदाच. ग्रंथी चांगली निघाली तर ठीक, पण प्रत्येक ग्रंथीची ताकद सारखी नसते आणि मादीला दोनदा पकडून हाताळावं लागतं. ओव्हाप्रिमसारखं तयार औषध एकदाच, रोहूच्या मादीला किलोमागे साधारण ०.३ ते ०.४ मिली, नराला त्याच वेळी त्याहून कमी. यात पिट्युटरीला जागं करणारं हार्मोन असतं, आणि डोपामिन त्याला अडवतं म्हणून डोपामिनला रोखणारं डोम्पेरिडोन पण असतं. नवख्या माणसानं हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो, इंजेक्शन अंडी तयार करत नाही, तयार झालेली सोडवतं. ती पिकतात ती आधीचे तीन-चार महिने चांगलं खाद्य, मोकळी जागा आणि वाढत्या उन्हाच्या जोरावर. म्हणून टोचण्याआधी मासा हातात घेऊन बघा, मादीचं पोट फुगलेलं आणि मऊ लागतं, मागचं छिद्र लालसर असतं. नराच्या छातीच्या परावरून अंगठा फिरवला तर खरखरीत लागतो आणि पोट हलकं दाबलं की दुधासारखं पांढरं येतं. हे दिसत नसेल तर औषध वाया घालवू नका.

आता नुसत्या पाण्यावरचं. बंगालमध्ये बांकुड्याकडं पावसाचं पाणी उतारावरून बंधात घेऊन रोहू-कटलासारख्या कार्प माशांची पैदास करतात. खानापूरला पाऊस आहे, उतार आहे, म्हणून मोह होतो, पण बांध फुटला तर नर-मादीसकट सगळं गेलं. अथणीकडं तर तेवढा पाऊसच नाही, तिथं हा विषय सोडाच. गोल टाकीत पाणी फिरवून, वरून शॉवर मारून प्रवाह तयार करता येतो, चिनी हॅचरी तीच, पण तिथं पण इंजेक्शन लागतंच, हवामान आणि हार्मोन एकमेकांच्या जोडीनं चालतात.

सायप्रिनसचं, म्हणजे कॉमन कार्पचं, मात्र वेगळं. तो साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालतो, अंडी चिकट असतात, हापा म्हणजे पाण्यात बांधायची जाळीच्या कापडाची पेटी लावून त्यात हायड्रिला ही पाणवनस्पती टाका, वनस्पतीला चिकटलेली अंडी उचलून दुसऱ्या हाप्यात न्या, दोन-तीन दिवसांत पिल्लं. जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात, असा वर्षातून दोनदा हंगाम. तोटा एवढाच की हा बांध उकरतो आणि लवकर वयात येऊन वाढवायच्या तळ्यातच पिल्लं करून गर्दी करतो.

एकच तळं आणि बोअरचं मोजकं पाणी असेल तर सायप्रिनसनं सुरुवात करा, अथणीवाल्यांनी तर नक्कीच. घटप्रभा-वेदगंगेच्या काठाला पाणी खात्रीचं आहे, नर-मादी वेगळे पाळायला दुसरं तळं आहे, तर रोहू-मृगळसाठी तयार इंजेक्शन घ्या आणि जुलैच्या आतबाहेर, पाणी २६ ते ३० डिग्रीत असताना द्या, संध्याकाळी दिलं तर पहाटेपर्यंत अंडी मिळतात.