मुलाखतीची तयारी: उत्तरं पाठ करावीत, क्लास लावावा, की कुणाला तरी समोर बसवावं?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काही वर्षांपासून मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. उन्हाळा आला की डिप्लोमा नाहीतर बी.ई. संपवलेलं गल्लीतलं कुणीतरी दारात येतं. "काका, यूट्यूबवरची उत्तरं पाठ करू, क्लास लावू, की घरीच बघू?"

पाठांतराला पैसे लागत नाहीत आणि धीर येतो, हे खरं. इंग्रजीची धास्ती असेल तर 'स्वतःबद्दल सांगा' याची पहिली दोन-तीन वाक्यं तोंडपाठ असलेली बरीच. जीभ एकदा सुटली की पुढचं सुचतं. त्यापलीकडे मात्र पाठांतर दगा देतं. 'तुमचा कमकुवतपणा काय?' यावर एकाच सकाळी तिघंजण "मी परफेक्शनिस्ट आहे" सांगून जातात. मी एवढंच विचारतो, "म्हणजे नेमकं काय करता? गेल्या महिन्यातलं उदाहरण द्या." गाडी तिथंच रुतते. त्यापेक्षा "ड्रॉइंग वाचायला मला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशीच मागून घेतो" म्हणणारा पोरगा लक्षात राहतो. आम्ही माणूस जोखतो तो दुसऱ्या प्रश्नावर, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच व्हिडिओत नसतं.

क्लासचा खरा उपयोग एकच: अनोळखी माणूस समोर बसतो. गटचर्चाही घरी होत नाही. पण बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात, आणि आम्हाला तो साचा पहिल्या मिनिटाला ओळखू येतो. फी भरण्याआधी विचारा, मॉक मुलाखती किती होणार, घेणार कोण, चुका समोर बसून सांगणार का. सरकारी नोकरीचं गणित वेगळं. केंद्र सरकारच्या गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांना १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. तिथं मुलाखतीच्या क्लासला पैसे घालणं म्हणजे कृष्णेत टाकणं. एमपीएससी राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत मात्र एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीला आहेत. तिथं जाणत्या पॅनलपुढं दोन-तीनदा बसणं फायद्याचंच. शिवाय सांगलीचे आहात म्हटल्यावर हळदीचं जीआय (भौगोलिक) मानांकन आणि कृष्णेचा पूर यांवर विचारलं जाण्याची तयारी हवी.

खाजगी नोकरीसाठी माझं मत तिसऱ्या वाटेला. उत्तरं लिहूच नका, प्रसंग लिहा. पाच-सहा पुरेत. काय घडलं, तुमच्याकडं काय काम होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं, प्रत्येकाला चार ओळी. "आमच्याकडं सांगण्यासारखं काही नाही" असं मुलं म्हणतात, ते मला पटत नाही. एकाला 'अडचणीत काय केलंस?' विचारलं तर प्रोजेक्टचं काहीतरी गुळमुळीत बोलत बसला. खोदून विचारल्यावर कळलं, २०१९ च्या पुरात घरच्या दुकानातला माल यानंच माळ्यावर चढवला होता. "आधी काय हलवलंस?" तर म्हणाला, "उधारीच्या वह्या. माल परत भरता येतो, वह्या गेल्या तर वसुली गेली." एवढं बोलला आणि मी कागदावर खूण केली. तो मात्र याला 'घरचं काम' समजून दडवत होता.

मग कुणाला तरी समोर बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मित्रापेक्षा आई किंवा आत्या बरी. मित्र हसतो, आई "मग?" विचारते, आणि तेच हवं असतं.

आता कुठं जाताय यावरही तयारी बदलते. 'पाच वर्षांनी कुठं असाल?' हा प्रश्न पुण्यात एचआर विचारतात तेव्हा शिकायची भूक बघतात. कुपवाड-मिरजेत मालक स्वतः समोर असेल तर त्याच प्रश्नाचा अर्थ "आम्ही शिकवायचं आणि तू सहा महिन्यांत पुण्याला पळायचास, असं नाही ना?" एवढाच. 'राहायला कुठं?' ही चौकशी नसते, रात्रपाळी सुटल्यावर तुम्ही घरी कसे पोचणार हे बघतात. कंपनीची वेबसाइट पाठ करण्यापेक्षा इथं ती काय बनवते आणि कुणाला देते हे माहीत असलं की निम्मं काम झालं.

पगाराच्या प्रश्नाला मात्र दोन्हीकडं आकडेमोड करूनच जा. 'तीन लाखांचं पॅकेज' म्हणजे महिन्याला २५,००० हातात, असं नाही. समजा मूळ पगार १२,५०० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के म्हणजे १,५००, आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) सुमारे ६००. हे बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्येच धरलेलं असतं. तुमचा पीएफ आणखी १,५००, वर पुरुषांना व्यवसाय कर २००. हातात साधारण २१,२०० उरतात. त्यातून पुण्यात खोली आणि मेस भागवायची. कुपवाडची ऑफर यापेक्षा कमी असली तरी संध्याकाळी घरी जेवता येतं, तेही त्याच कागदावर मांडा. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतील, तेव्हा मान हलवून उठू नका. पाळ्या कशा असतात, कंपनीची बस सांगलीत कुठपर्यंत येते आणि कायम कधी करता, हे तिथंच विचारून घ्या.