पावसाळ्यापासून द्राक्षाच्या काढणीपर्यंत स्टारड्यू व्हॅली: जिथं भाव कधीच पडत नाही

आधी निकाल सांगते: स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ घ्या, पैसे वसूल होतात. पण खेळातलं दुसरं वर्ष संपता संपता त्याच्या बाजारातली एक पोकळी दिसायला लागते, आणि निफाड-लासलगाव पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ती जरा लवकरच दिसते. गेल्या पावसाळ्यात मी खेळायला सुरुवात केली, आता गावाकडं द्राक्षाची काढणी उरकत आली आहे. एवढ्या महिन्यांनंतर मला बोलायचंय ते या पोकळीबद्दलच. चित्रं, संगीत, गावातली माणसं यांचं कौतुक इतरांनी भरपूर केलंय आणि ते सगळं खरं आहे.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक बॅरोन या अमेरिकन माणसानं चार-साडेचार वर्षं एकट्यानं बसून हा खेळ बनवला. कोड, चित्रं, संगीत, संवाद सगळं त्याचंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो आला. आजोबांची पडीक जमीन तुमच्या वाट्याला येते आणि ती तुम्ही कसायची. ऋतू २८ दिवसांचा, वर्ष चार ऋतूंचं. मी खेळते ती १.६ ही आवृत्ती, मार्च २०२४ मध्ये संगणकावर आलेली. जुन्या लॅपटॉपवरही विनातक्रार चालते.

लाकूड, दगड, कोळसा, धातू गोळा करण्याचा भाग मला आजही मनापासून आवडतो, आणि वास्तवाशी ताडून बघितलं तर तो भाग साफ खोटा आहे. साध्या कुऱ्हाडीचे दहा घाव घातले की झाड आडवं, आणखी पाच घातले की बुंधा निघतो. खाणीत आज फोडलेले दगड उद्या पुन्हा जागेवर. पण सुरुवातीला तुमच्याकडं २७० एवढीच ताकद असते आणि कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला दोन खर्च होतात. म्हणजे एका झाडाला तीस. दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दोनला संपतो आणि आपल्या घड्याळात तो जेमतेम चौदा मिनिटांचा असतो. त्यामुळं रोज सकाळी ठरवावंच लागतं: आज पाणी भरायचं, की खाणीत उतरायचं, की लाकूड तोडायचं? सगळं एका दिवसात होत नाही.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग पाण्याच्या झारीचा. लोहाराकडं झारी सुधारायला दिली की ती दोन दिवस मिळत नाही आणि तोवर पिकाला पाणी घालता येत नाही. मग टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज बघायचा आणि उद्या पाऊस असेल तर आज झारी टाकून यायची. दोन दिवसांत झारी तांब्याची होते यात वास्तव काहीच नाही. तरी पावसाकडं डोळे लावून कामाची जुळवाजुळव करणं ही शेतकऱ्याची रोजची विचार करण्याची रीत त्यात पुरेपूर उतरली आहे. घाम वगळला आणि निर्णय ठेवला. संसाधनं गोळा करण्याच्या खेळात मला हवं असतं ते एवढंच.

याच्या उलट टोकाला रेड डेड रिडेम्प्शन २ हा अमेरिकेतल्या डाकूंवरचा खेळ आहे. तिथं शिकार केली की कातडं सोलण्याची क्रिया पूर्ण बघावी लागते. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. नंतर तीच क्रिया नुसती वाट बघायला लावते, कारण त्या काही क्षणांत ठरवायचं काहीच नसतं. मेहनत दाखवायला माझी हरकत नाही. पण मेहनतीनं माझ्यापुढं प्रश्न उभा करावा.

आता द्राक्षं. नाशिकची असल्यामुळं वेल पहिल्याच शरदात लावला. इथं मी खूप हसले आणि खूप खूशही झाले. रोप ६० नाण्यांना, दहा दिवसांत घड तयार, मग दर तीन दिवसांनी तोडा. एका ऋतूत सहा तोडे निघतात, प्रत्येक द्राक्ष ८० नाण्यांना जातं आणि थंडी आली की वेल मरतो. आमच्याकडं बाग उभी करायला मांडव, तारा, ठिबक, मग एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), विरळणी, घडांना कागद, आणि दोन छाटण्यांनंतर हाती येतं एकच पीक. यातलं एकही काम खेळात नसल्याचं मला वाईट वाटलं नाही. विरळणी करताना मान कशी भरून येते ते मला माहीत आहे, ती पुन्हा माऊसनं करायची हौस नाही.

खटकलं ते पुढं. दादा शेती बघतो. एकदा गंगापूर रोडला माझ्याकडं मुक्कामी आला होता, तेव्हा शेजारी बसून बघत होता. मी पेटीभर द्राक्षं विक्रीच्या खोक्यात टाकली आणि सकाळी पैसे जमा झाले.

त्यानं विचारलं, "एवढा माल एकदम गेला तरी भाव तोच?"

"तोच."

"आणि रोज एवढा टाकला तर?"

"तरी तोच."

थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मग बाकीचं पीक लावतंच कशाला कोणी?"

एवढ्या महिन्यांत मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा हा प्रश्न नेमका आहे. खरंच, लावत नाही कोणी. बहुतेक खेळाडूंची शेती शेवटी एकाच जागी येऊन थांबते: हरितगृहात प्राचीन फळ या महागड्या फळाची रोपं, वाळवंटातल्या दुकानातून आणलेल्या बियांचं तारफळ, आणि पिंपांच्या रांगा. फळ पिंपात घातलं की साधारण आठवड्यात वाइन होते आणि तिची किंमत फळाच्या तिप्पट. तारफळाची मूळ किंमत ७५०, वाइन २२५०. हरितगृहात १२० चौकोन आहेत आणि इरिडियम या धातूचा एक फवारा २४ चौकोन भिजवतो, म्हणजे पाणी घालण्याचं कामही संपतं. पहिल्या वर्षी ज्या ताकदीसाठी आणि वेळेसाठी जीव खालीवर होत होता त्याची काळजी उरत नाही आणि तिच्या जागी नवीन काळजीही येत नाही. उरतात फक्त पिंपं भरणं आणि रिकामी करणं. कितीही वाइन ओता, ती घेणारा कोण, कुठं नेतो, त्याची गरज कधी भागते, याचं उत्तर खेळात कुठंच नाही.

आमच्या भागात या प्रश्नांवर घरं चालतात. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरतात आणि ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा बाहेर काढतात. आज ट्रॉली भरायची की अजून आठ दिवस थांबायचं, हा हिशोब रोज रात्री जेवताना होतो. तो हिशोब आवकेवर चालतो, पावसावर चालतो आणि दिल्लीतल्या एका आदेशावरही चालतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली. ज्यांनी भाव बघून माल ठेवला होता त्यांचा सगळा अंदाज एका दिवसात पुसला गेला. हे सगळं खेळात घाला असं माझं म्हणणं नाही. पण जास्त माल आला की भाव उतरतो, एवढी एक गोष्ट तरी हवी होती.

ती एका मोडमधून, म्हणजे इतरांनी बनवून खेळाला लावलेल्या जोडणीतून, मिळते. फर्नगिल सिंपल इकॉनॉमी असं त्याचं नाव. तुम्ही काय किती विकलं याची नोंद तो ठेवतो. एकच माल ओतत राहिलात तर भाव खाली येतो, हात आवरला तर सावरतो. हा टाकून मी नवीन शेत सुरू केलं आणि खेळ पुन्हा जिवंत झाला. फ्लॉवर, बटाटा, घेवडा यांच्याकडं मी पहिल्यांदाच नीट बघितलं. गायी घेतल्या, कारण चीजचा भाव चढा होता. द्राक्षाचेही वाटे केले: काही ताजी, काहींची वाइन, काहींचे मनुके. १.६ मध्ये फळं सुकवायचं यंत्र आलंय, त्यात पाच द्राक्षं घातली की दुसऱ्या दिवशी मनुके तयार. एकाच बागेतला माल तीन वाटांनी काढायचा हा विचार आमच्याकडं प्रत्येक बागायतदार करतो. तो खेळात करताना जो आनंद झाला तो हजार पिंपं भरून झाला नव्हता.

पण थोड्याच दिवसांत दुसरी फट दिसली. भाव पडला की मी माल पेटीत ठेवून देते. पेटीत ३६ कप्पे आणि एका कप्प्यात ९९९ नग. काहीही सडत नाही, कोंब फुटत नाहीत, वजन घटत नाही. मग पडलेल्या भावाला भ्यायचं कशाला? थांबायचं, चढला की विकायचं. चाळीत कांदा ठेवणाऱ्याची खरी कसोटी हीच असते की थांबण्यालाही किंमत मोजावी लागते. खाली ओल धरली की थरच्या थर जातो. भाव उतरण्याची व्यवस्था केली आणि माल नासण्याची केली नाही, तर निर्णय अर्धाच राहतो.

ॲनिमल क्रॉसिंगच्या २०२० मधल्या आवृत्तीनं ही गोष्ट किती सहज जमवली आहे ते बघा. रविवारी सकाळी सलगम विकत घ्यायचे, साधारण ९० ते ११० च्या दरानं. सोमवार ते शनिवार दुकानातला खरेदीचा दर सकाळ-दुपार बदलतो. पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सगळे सडतात. खेळ शेतीचा नाही, ट्रॅक्टर नाही, गोंडस प्राण्यांचं बेट आहे, तरी शुक्रवारी संध्याकाळी सलगम हातात धरून बसलेल्या खेळाडूची घालमेल लासलगावच्या माणसाला लगेच ओळखू येईल.

तिसरी उणीव आहे पैशाच्या निकडीची. सोसायटीचं पीककर्ज, औषधाच्या दुकानातली उधारी, मजुरांचा शनिवारचा पगार, पोरांची फी. कित्येकदा पडलेल्या भावात माल जातो तो अंदाज चुकल्यामुळं नाही, तारीख आल्यामुळं. स्टारड्यूत सक्तीचा खर्च जवळजवळ काहीच नाही, त्यामुळं थांबणारा नेहमीच जिंकतो. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "थांबता आलं असतं तर आपणही जिंकलो असतो."

फार्मिंग सिम्युलेटर २२ मी मधल्या काळात थोडा खेळले, कारण त्यात द्राक्षबाग आहे असं ऐकलं होतं. आहे, आणि छान आहे. छाटणीचं यंत्र आहे, न्यू हॉलंडचं द्राक्षतोडणी यंत्र आहे, मनुक्यांचा आणि रसाचा कारखाना आहे, बँकेचं कर्जही आहे. आमच्या खायच्या द्राक्षाला कात्री आणि हलका हातच लागतो, पण त्याचे नकाशे युरोप-अमेरिकेवर बेतलेले असल्यामुळं ते समजून घेता येतं. यंत्रांची इतकी काळजी घेणारा हा खेळ बाजाराबाबत मात्र निर्धास्त आहे: कुठल्या महिन्यात कशाला चढा भाव असतो त्याचा आलेख आधीच दिसतो आणि सायलोतलं धान्य खराब होत नाही. ट्रॅक्टर हुबेहूब आणि बाजार पाठ केलेला. माझ्या मते ही निवड उलटी हवी होती.

बाजार जितका खरा तितका खेळ चांगला, असंही मी म्हणणार नाही. डायब्लो ३ मध्ये २०१२ ला खेळाडूंसाठी लिलावघर उघडलं होतं, खऱ्या पैशांचे व्यवहारसुद्धा चालायचे. बाजार म्हणून ते उत्तम चाललं आणि त्यामुळंच खेळाचं नुकसान झालं. राक्षस मारून तलवार मिळवायची हे खेळाचं मूळ, आणि लिलावात चांगली तलवार स्वस्तात मिळत असेल तर राक्षस मारायचा कशाला? मार्च २०१४ मध्ये ते बंद करण्यात आलं. उलट ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी हा २०१६ चा खेळ. मंगळावर पाणी, अन्न, धातू काढायचे आणि प्रत्येक खरेदी-विक्रीनं भाव हलतो. लढाईच मुळात भावाची असल्यामुळं तिथं बाजार जितका बारकाईनं हलतो तितकी रंगत वाढते. बाजार खेळाच्या मूळ कामाला बळ देतो की ते काम फुकट घालवतो, एवढंच बघायचं.

या मापानं स्टारड्यूचा न पडणारा भाव पहिल्या वर्षात मला बरोबर वाटतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड तालुक्यात गारपीट झाली तेव्हा तोडणीला आलेल्या बागांचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. घरी तशी संध्याकाळ गेल्यावर अशा गावात जावंसं वाटतं जिथं पावसानं फक्त पाणी मिळतं आणि सकाळी पैसे ठरल्याप्रमाणे जमा असतात. हा दिलासा मोलाचा आहे आणि बॅरोननं तो जाणूनबुजून दिलाय. तक्रार एवढीच की दुसऱ्या वर्षानंतर, शेत भक्कम उभं राहिल्यावर, ज्याला हवं त्याला सेटिंगमध्ये बाजार चालू करता यायला हवा होता.

सध्या मी मोडसोबत स्वतःचे दोन नियम लावून खेळते. ऋतू बदलला की पेटीतला गेल्या ऋतूचा ताजा माल असेल त्या भावाला काढायचाच. आणि प्रत्येक ऋतूच्या २५ तारखेला ठरावीक रकमेचं काहीतरी बिनकामाचं सामान घ्यायचं, कर्जाचा हप्ता समजून. गेल्या हिवाळ्यात या हप्त्यापायी पडलेल्या भावात वाइन विकावी लागली आणि वसंतात बियाण्याला पैसे कमी पडले. ते वर्ष माझं सगळ्यात रंगलेलं. मोड टाकणार असाल तर आधी सेव्हची, म्हणजे साठवलेल्या खेळाची, प्रत काढून ठेवा आणि नव्या शेतावरच सुरू करा, भरलेल्या पेट्या असलेल्या जुन्या शेतावर त्याची मजा येत नाही.

बॅरोनचा पुढचा खेळ हॉन्टेड चॉकलेटियर, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेला, चॉकलेटच्या दुकानाचा आहे. दुकान म्हटलं की गिऱ्हाईक आलं आणि गिऱ्हाईक आलं की भावही आला. त्यात तरी तो हलताना बघायला मिळावा अशी फार इच्छा आहे.