मेन लाईनला बॉल व्हॉल्व्ह बसवून आठ महिने झाले, अनुभव लिहितेय

आमच्या जुन्या लाईनला मेनवर गेट व्हॉल्व्ह होता, गोल चावीचा, पण वर्षानुवर्षं कुणी हातच लावला नव्हता. बेसिनखालचा पाईप फुटला तेव्हा घाईघाईत फिरवला तर चावी नुसती फिरत राहिली, पाणी काही थांबेना. नंतर उघडून पाहिलं तेव्हा कळलं, आतली पाणी अडवणारी पाचर दांड्यापासून सुटून खाली बसली होती. त्या दिवशी घरभर पाणी झालं आणि तेव्हाच ठरवलं की आता नीट व्हॉल्व्ह बसवायचाच.

पितळी बॉल व्हॉल्व्ह घेतला (आत भोक असलेला गोळा फिरून पाणी चालू-बंद करतो तो), फुल बोअरचा. फुल बोअर म्हणजे आतल्या बॉलचं भोक पाईपाएवढंच, त्यामुळे वरच्या बाथरूममध्ये पाण्याचा जोर कमी झालेला नाही. दुसरं म्हणजे हँडल पाईपाच्या रेषेत असलं की चालू, पाईपाला काटकोनात असलं की बंद, लांबूनच दिसतं, विचारावं लागत नाही. पाव फेऱ्यात काम होतं, आमच्या आईलासुद्धा एका हाताने बंद करता येतो आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

पण पहिल्या वेळी प्लंबरने तो भिंतीला इतका चिकटून बसवला की हँडल अर्ध्यातच भिंतीला अडायचं, पूर्ण बंदच होईना! परत सगळं कापून करावं लागलं. म्हणून सांगते, जोडायच्या आधी हँडल पूर्ण फिरवून बघा, आणि जागा पहिला फाटा फुटायच्या आधीची पाहिजे, नाहीतर एखादा नळ चालूच राहतो. व्हॉल्व्हच्या बाजूला युनियन (खोलता येणारा जोड) टाकायला सांगा, पुढे बदलायचा झाला तर पाईप कापायला नको. आमची जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपांची) लाईन, आटे गंजलेले, तिथे जोर लावला की पलीकडचाच सांधा गळायला लागतो, म्हणून त्या कामाला खरंच अनुभवी माणूस लागतो, स्वतः प्रयोग करू नका.

वापरताना लक्षात आलं की एकदम फटकन बंद केला की पाईपात धाडकन आवाज येतो आणि सांध्यांना धक्का बसतो, म्हणून हळू फिरवायचा. अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी करायलाही वापरायचा नाही, आतलं सील खराब होतं. आणि महिन्यातून एकदा बंद-चालू करायचा, नाहीतर क्षार साचून हाही जाम होणार.

एक फायदा आधी डोक्यातच आला नव्हता. सगळे नळ बंद असताना मीटर हळूहळू फिरत होता, मेन व्हॉल्व्ह बंद केला तर थांबला, म्हणजे गळती घरातच. शोधत गेलो तर फ्लशच्या टाकीतून पाणी झिरपत होतं, आवाज न करता, किती दिवस कोण जाणे. व्हॉल्व्ह बंद करूनही मीटर फिरत राहिला असता तर गळती मीटर आणि व्हॉल्व्हच्या मधे समजायची.

सहाव्या महिन्यात हँडलच्या बुडाशी थेंब दिसायला लागले, जरा घाबरलेच. हँडल काढल्यावर खाली छोटा ग्लँड नट (दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबून धरणारा) असतो, तो पान्याने अगदी थोडासा आवळला आणि थेंब थांबले, तेव्हापासून कोरडं आहे.